फाशीच्या कैद्यावरचा कोर्ट-थ्रिलर सुचवा (बाबांसोबत बघायचाय)

सांजवात

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचनमात्र असते, आज कामासाठी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझे बाबा जिल्हा कोर्टात स्टेनो होते. एकतीस वर्षं साहेबांच्या डायसखाली बसून डिक्टेशन घेतलं. रिटायर झाले तरी कोर्ट काही डोक्यातून जात नाही, टीव्हीवर कोर्टाचा सीन लागला की आमच्या घरात वेगळाच पिक्चर सुरू होतो. "हातोडा आपल्याकडे नसतो." "वकील असा आरोपीच्या खांद्यावर हात टाकून फिरत नाही." "हा साक्षीदार यादीत होता का आधी?" परवा एका हिंदी सिनेमात जज निकाल वाचतायत आणि दार ढकलून एक जण पुरावा घेऊन धावत आला, तर बाबा उठले आणि रात्री साडेनऊला कुंड्यांना पाणी घालायला गेले.

तर असा सिनेमा हवाय की ज्यात ते उठून जाणार नाहीत. विषय त्यांचा त्यांनीच सांगितलाय, फाशीची शिक्षा झालेला कैदी, तारीख ठरलेली, आणि वकील शेवटपर्यंत धडपडतोय असं काहीतरी. हाच विषय का म्हणून विचारलं तर म्हणाले असंच.

इंग्रजी चालेल, बाबांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलंय पण अमेरिकन उच्चार कळत नाहीत त्यामुळे सबटायटल पाहिजेत. रक्तबंबाळ नको. द ग्रीन माइल बघून झालाय, म्हणाले छान आहे पण यात कोर्ट कुठाय. आणि कृपा करून शेवट सांगू नका, मलापण बघायचाय.

पॉपकॉर्न_पंत

डोळे झाकून 'द लाइफ ऑफ डेव्हिड गेल', २००३ चा, ॲलन पार्करचा. केव्हिन स्पेसी टेक्ससमधला प्रोफेसर, फाशीच्या शिक्षेविरुद्ध चळवळ करणारा, आणि नेमका तोच आपल्या सहकारी बाईच्या खुनासाठी फाशीच्या रांगेत. शेवटचे काही दिवस राहिलेत आणि तो केट विन्स्लेटला, म्हणजे पत्रकार असते ती, मुलाखती देतो. सुरुवातच अशी की ती रस्त्यावरून जिवाच्या आकांताने पळतेय, का पळतेय ते कळायला पूर्ण सिनेमा बघावा लागतो. शेवटी जे काही होतं ना, मी दहा मिनिटं तसाच बसून होतो.

निनाद_एम

पंत, मलापण कॉलेजात असताना फार भारी वाटला होता, आता परत बघितला तर चिडचिड झाली. ज्या माणसाने आयुष्यभर जे सांगितलं त्याच्यासाठी त्याने स्वतः

पॉपकॉर्न_पंत

ए ए ए थांब! तिने हात जोडून सांगितलंय शेवट सांगू नका म्हणून!

निनाद_एम

सॉरी सॉरी, कापलं. एवढंच सांगतो की रॉजर एबर्टने (अमेरिकेतला नावाजलेला समीक्षक) याला शून्य स्टार दिले होते, अर्धासुद्धा नाही, आणि त्याचं कारण शेवटातच आहे. थ्रिलर म्हणून पकड आहे यात वाद नाही. पण सांजवात, तुमच्या बाबांना जे खुपतं तेच यात ठासून भरलंय, शेवटच्या क्षणी कॅसेट घेऊन धावणं वगैरे. कुंड्यांना पाणी मिळेल.

वकीलीणबाई

सांजवात, तुमचे बाबा मला फार आवडले. आमच्याकडे जुने स्टेनो जजपेक्षा जास्त कायदा जाणतात हे मी कोर्टात उभी राहून सांगायला तयार आहे.

माझं मत 'जस्ट मर्सी', २०१९. मायकेल बी. जॉर्डन आणि जेमी फॉक्स. खरी केस आहे, अलाबामा, मन्रोव्हिल गाव, आणि हे तेच गाव जिथे 'टू किल अ मॉकिंगबर्ड'वाली हार्पर ली जन्मली. गंमत बघा, कृष्णवर्णीयाला खोट्या केसमध्ये अडकवल्याची गोष्ट जगाला सांगणाऱ्या बाईच्या गावात लोक कादंबरीचं म्युझियम मिरवतात आणि तिथेच १९८७ ला वॉल्टर मॅकमिलियनला एका १८ वर्षांच्या मुलीच्या खुनासाठी उचलतात. खून झाला तेव्हा तो घरी होता, अंगणात मासे तळून विकायचा कार्यक्रम चालू होता, डझनावारी माणसं साक्षीला. पण ती सगळी काळी माणसं, त्यामुळे त्यांचं कोण ऐकतंय.

यातल्या ज्या गोष्टी मला वकील म्हणून झोपू देत नाहीत त्या ऐका. खटला उभा राहायच्या आधीच त्याला फाशीच्या कैद्यांमध्ये नेऊन ठेवलं. आधी! खटला दीड दिवसात उरकला. ज्यूरीने जन्मठेप सुचवली होती, जजने ती बाजूला सारून फाशी दिली, कारण अलाबामात तेव्हा जजला तसा अधिकार होता, २०१७ ला कुठे तो काढून घेतला. आणि हे सगळं मुख्यतः एका माणसाच्या जबानीवर उभं, जो स्वतःच दुसऱ्या गुन्ह्यात अडकलेला. आपल्याकडे माफीचा साक्षीदार उभा करतात तेव्हा निदान त्याच्या साक्षीला दुसऱ्या बाजूने पुष्टी आहे का ते बघायची पद्धत तरी आहे.

सिनेमात धावाधाव नाही, कारचे पाठलाग नाहीत. तरुण वकील, ब्रायन स्टीव्हन्सन, जुन्या फायली उपसतोय, अर्ज करतोय, अर्ज फेटाळला जातोय, परत करतोय. ताण आहे तो त्याचाच. बाबा उठणार नाहीत, लिहून देते.

कुंदाआत्या

इंग्रजी कशाला गं, 'माफीचा साक्षीदार' दाखव की. १९८६ चा, नाना पाटेकर. जोशी-अभ्यंकर खून खटल्यावरचा. आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत राहायला, ७६-७७ साली संध्याकाळी सातनंतर कोणी दार उघडत नव्हतं, बेल वाजली की आधी खिडकीतून बघायचं. ८३ ला नोव्हेंबरात येरवड्याला चौघांना फाशी झाली तेव्हा पेपर हातोहात संपले होते. पण तो सिनेमा एकट्याने बघू नको हो, मी बघून दोन दिवस जेवले नाही नीट.

नाहीतर 'कानून'. १९६०, बी. आर. चोप्रा, एकही गाणं नाही त्या काळात! सुरुवातीलाच जीवन (नट गं), ज्या खुनासाठी शिक्षा भोगून आलाय तोच माणूस त्याला जिवंत सापडतो आणि मग तो त्याला खरंच मारतो, आणि कोर्टात उभा राहून विचारतो आता काय करणार. तुझ्या वडलांना नक्की आवडेल.

सांजवात

आत्या, कानून त्यांनी थेटरात पाहिलाय म्हणे, जीवनचा तो सीन तोंडपाठ आहे. 'माफीचा साक्षीदार'चं नाव काढलं तर "नको" म्हणाले, एवढंच.

सिनेखोर

धागा चांगला चाललाय. मी थोडं वाट सोडून सुचवतो, 'द थिन ब्लू लाइन', १९८८, एरॉल मॉरिस. डॉक्युमेंटरी आहे पण थ्रिलरच्या थोबाडीत मारेल. १९७६, डॅलस, रात्री एका पोलिसाला गोळ्या घालून गाडी निघून जाते. रँडल डेल ॲडम्स नावाच्या माणसाला फाशीची शिक्षा होते, त्याचा गुन्हा एवढाच की त्या दिवशी त्याच्या गाडीतलं पेट्रोल संपलं आणि एका सोळा वर्षांच्या पोराने त्याला लिफ्ट दिली. फाशीला तीन दिवस उरले असताना सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली, नंतर जन्मठेप झाली. मॉरिस तिथे गेला होता वेगळ्याच कामाला, फाशीच्या खटल्यांत साक्ष देणाऱ्या एका मानसोपचारतज्ज्ञावर फिल्म करायला, ज्याला लोक 'डॉक्टर डेथ' म्हणायचे, आणि कैद्यांशी बोलता बोलता त्याला हा माणूस भेटला.

गोळीबाराचा प्रसंग तो परत परत दाखवतो, प्रत्येक साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे वेगळा. हवेत उडालेला मिल्कशेकचा ग्लास रस्त्यावर पडतो तो शॉट मी कधी विसरणार नाही. पार्श्वसंगीत फिलिप ग्लासचं, तेच तेच सूर फिरत राहतात, फास आवळल्यासारखे. आणि शेवटच्या मुलाखतीच्या वेळी कॅमेरा बिघडला होता त्यामुळे पडद्यावर नुसता टेपरेकॉर्डर दिसतो, आणि त्यातून येणारा आवाज. बास. नुसता टेपरेकॉर्डर आणि अंगावर काटा. सिनेमा आल्यावर केस परत उघडली आणि १९८९ ला ॲडम्स सुटला (हा स्पॉयलर नाही, इतिहास आहे, भांडू नका).

दुसरा किश्लोव्स्कीचा 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग', तोही १९८८ चा, पोलंड. पण तो रक्तबंबाळ नसला तरी झेपणारा नाही. खून संपता संपत नाही, मग फाशीही तशीच. वकील नवाकोरा, पहिलीच मोठी केस. बाबांना नको दाखवू, तू एकटी बघ, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी काढ.

मुक्काम_ह्यूस्टन

अरे वा, आमच्या गावचा विषय. मी ह्यूस्टनला बावीस वर्षं आहे आणि टेक्ससमधल्या सगळ्या फाशा, म्हणजे आता विषारी इंजेक्शन, इथून साधारण सव्वा तासावरच्या हंट्सव्हिलला होतात. डेव्हिड गेलमधलं टेक्सस तेच. गावाच्या मध्यात लाल विटांच्या भिंती, त्यामुळे नावच वॉल्स युनिट, आणि आजूबाजूला बँक, कोर्ट, घरं, म्हणजे आपल्याकडे नगरपालिकेच्या शेजारी असावं तसं. कैदी राहतात दुसरीकडे, लिव्हिंग्स्टनच्या पोलन्स्की युनिटमध्ये, त्या दिवशी गाडीतून आणतात.

भारतातून पाहुणे आले की नासा दाखवून कंटाळा आला म्हणून एकदा मेव्हण्याला हंट्सव्हिलच्या तुरुंग म्युझियममध्ये घेऊन गेलो. तिथे जुनी विजेची खुर्ची ठेवलीय, 'ओल्ड स्पार्की', १९२४ ते १९६४ मध्ये ३६१ माणसं तिच्यावर गेली. लाकडी आहे हो, कैद्यांनीच बनवलेली, हाताच्या जागी पट्टे. मेव्हणा आधी फोटो काढत होता, मग त्याने फोन खिशात टाकला आणि बाहेर जाऊन गाडीत बसला. परत येताना दोघं एक शब्द बोललो नाही, कोलाचे (इथली भरलेली पावासारखी वस्तू) घेतले होते तेपण तसेच राहिले.

इथल्या गोष्टीवरचा सिनेमा म्हणाल तर 'ट्रायल बाय फायर', जॅक ओकॉनेल आणि लॉरा डर्न. कॉर्सिकाना गावात १९९१ च्या डिसेंबरात घराला आग लागते, तीन लहान मुली जातात, बाप वाचतो, आणि बापानेच आग लावली म्हणून त्याला फाशी. आगीच्या तपासातलं जे 'शास्त्र' कोर्टात सांगितलं ते किती पोकळ होतं हे नंतर बाहेर आलं. निकाल मी सांगत नाही पण गूगल करू नका आधी. एक गोष्ट माहीत असली तर सिनेमा जास्त कळेल, टेक्ससच्या गव्हर्नरला वाटलं म्हणून माफी देता येत नाही, आधी बोर्डाची शिफारस लागते, स्वतःच्या अधिकारात तो फक्त ३० दिवसांची स्थगिती देऊ शकतो. त्यामुळे "गव्हर्नरचा फोन आला आणि वाचला" हे इथे तितकं सोपं नाही.

निनाद_एम

यावरून आठवलं, 'ट्रू क्राइम' कोणी नाही म्हटलं? १९९९, क्लिंट ईस्टवूड. पत्रकाराकडे सकाळ ते मध्यरात्र एवढाच वेळ, सॅन क्वेंटिनला एका निरपराध माणसाला इंजेक्शन. टाइमपास आहे. पण फोन वाजेल का, फोन वाजेल का, यावर सगळा डोलारा, वकीलीणबाई बघून हसतील.

वकीलीणबाई

हसेन कशाला, आपल्याकडे झालंय की. २०१५ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने पहाटे तीनच्या सुमारास कोर्ट उघडून सुनावणी घेतली आणि अर्ज फेटाळल्यावर काही तासांत नागपूरला फाशी झाली. ती केस कशीही असो, ते तास लिहायला कुठल्या पटकथाकाराची गरज नाही.

आणि विषय निघालाच आहे तर. आपल्याकडे सेशन कोर्टाने फाशी दिली तरी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही, फाइल आपोआप वर जाते. मग सुप्रीम कोर्ट, फेरविचार, क्युरेटिव्ह (कोर्टातला अगदी शेवटचा अर्ज), दयेचा अर्ज. लोक म्हणतात किती वेळ लावतात. त्यांना मी नाशिकची केस सांगते. २००६ ला सेशन कोर्टाने भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची कायम केली, तिघांची जन्मठेप केली. २००९ ला सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी. संपलं ना? नाही. २०१४ ला सुप्रीम कोर्टानेच ठरवलं की फाशीच्या केसमधला फेरविचार बंद खोलीत कागद फिरवून नाही, खुल्या कोर्टात ऐकायचा. या सहा जणांचा फेरविचार त्यामुळे परत ऐकला गेला आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, वर राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षं आत होते. यावर कोणी अजून मराठीत सिनेमा का काढला नाही मला माहीत नाही, काढला तर कन्सल्टन्सी फुकट देईन.

सिनेखोर

मराठीत नाही पण तमिळमध्ये कमल हासनचा 'विरुमांडी' बघा, २००४. फाशीचा कैदी आणि जन्मठेपेचा कैदी, एकच हकीकत दोघांच्या तोंडून, फाशीवर डॉक्युमेंटरी करणारी बाई ऐकतेय. पहिल्या तासात ज्याचा राग येतो दुसऱ्या तासात त्याच्यासाठी जीव तुटतो. बैलांच्या खेळासकट सगळं आहे, कोर्ट कमी.

कुंदाआत्या

सांजवात, काय बघितलंत शेवटी? धागा काढून गायब होतात ही आजकालची मुलं.

सांजवात

आले आत्या, आले. ऑफिसचं क्लोजिंग होतं.

रविवारी 'जस्ट मर्सी' बघितला. सगळ्यांचे आभार, वकीलीणबाईंचे विशेष. (ज्यांनी बघितला नाही त्यांनी पुढचं सोडून द्या, थोडं फुटतंय.)

सुरुवातीला तो वकील पहिल्यांदा तुरुंगात भेटायला जातो आणि त्याची कपडे काढून झडती घेतात, तिथे बाबा नुसतं "वकिलाला?" म्हणाले आणि चष्मा पुसला. मग नेहमीचं सुरू झालं पण सूर वेगळा होता. अर्ज दिला की "आता दुसऱ्या बाजूचा से मागवतील" (से म्हणजे लेखी म्हणणं). टेप सापडली की "त्याच्यावर निशाणी कुठाय, नोंदच नसेल केली, बघ" (निशाणी म्हणजे पुराव्यावर टाकतात तो नंबर). आणि तो मुख्य साक्षीदार, भाजलेल्या चेहऱ्याचा, कोर्टात उभा राहून सांगतो की मी खोटं बोललो होतो, तिथे मी टाळ्या वाजवायच्या बेतात, तर बाबा म्हणाले, "इतक्यात खूश होऊ नको. पलटलेल्या साक्षीदाराचं पहिलं खरं की दुसरं, हे साहेबांना सोयीचं असेल ते." आणि तसंच झालं! मी त्यांच्याकडे बघत राहिले.

मध्ये दुसऱ्या एका कैद्याची मृत्यूची शिक्षा अमलात येते, तो व्हिएतनाम युद्धातून आलेला, आणि बाकीचे कैदी आपापल्या कोठडीतून गजांवर पेले आपटतात, त्याला ऐकू जावं की आम्ही आहोत म्हणून. तिथे बाबा उठले. मला वाटलं झालं, निघाले कुंड्यांकडे. मी पॉज केलं. ते गॅलरीत नुसते उभे होते, नळ चालू केलाच नाही.

मग तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. त्यांच्या नोकरीत एकदाच फाशीचा निकाल झाला होता, मी दुसरीत होते तेव्हा. साहेबांनी चेंबरमधून सगळ्यांना बाहेर पाठवलं, पट्टेवाल्यालासुद्धा, आणि शेवटचं पान बाबांना डिक्टेट केलं. बाबांची टायपिंगमध्ये चूक होत नसे, त्या पानावर झाली. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर. एरवी पांढरी शाई लावून भागायचं, साहेब म्हणाले हे पान परत करा. म्हणून ते वाक्य त्यांनी दोनदा टाइप केलं, कार्बन लावून, सगळ्या प्रतींसकट. मी विचारलं, जज सही केल्यावर पेनाची नीब मोडतात ते खरं का? तर म्हणाले साहेबांकडे बॉलपेन होतं, मोडलंबिडलं काही नाही, टोपण लावून खिशात ठेवलं आणि विचारलं उद्या बोर्डावर किती मॅटर आहेत.

फाइल हायकोर्टात गेली. दीड वर्षाने जन्मठेप झाल्याचं कळलं, तेही मुंबईहून आलेल्या एका क्लार्ककडून, कँटीनमध्ये. बाबांनी त्या दिवशी सगळ्या स्टाफला चहा पाजला आणि कारण कुणाला सांगितलं नाही. आईलापण नाही.

मग आत येऊन म्हणाले, लाव पुढचा. शेवटपर्यंत बघितला, मध्ये एक शब्द नाही.

वकीलीणबाई

बाबांना नमस्कार सांगा.

पॉपकॉर्न_पंत

डेव्हिड गेल राहू दे मग. मी मागे घेतो.

सांजवात

नाही नाही पंत, तो मी एकटी बघणार आहे. बाबांनी पुढच्या रविवारसाठी "तो टेपरेकॉर्डरवाला" मागितलाय, सिनेखोर यांची पोस्ट मी त्यांना वाचून दाखवली होती. फक्त एक अडचण आहे, मोतीबिंदू झालाय त्यांना, आणि जस्ट मर्सीची सबटायटल्स इतकी बारीक होती की अर्धी मीच वाचून दाखवली. अक्षर मोठं करता येतं का कुठे? आमचा टीव्ही जुना आहे, पेन ड्राइव्ह लागतो त्याला.

निनाद_एम

टीव्हीवरून नाही जमणार बहुतेक. लॅपटॉप एचडीएमआयने जोडा आणि व्हीएलसीमध्ये लावा, प्रेफरन्सेसमध्ये सबटायटलचा फाँट साइज असतो तो वाढवा, रंग पिवळा करा, काळ्यावर पिवळं वयस्कर माणसांना सोपं जातं. नाही जमलं तर इथेच विचारा, शनिवारी ऑनलाइन आहे मी.